ही भरणी कुणाची?

(वस्तीच्या वाचनालयात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसं लिहून काढलं आहे. मधल्या टाळ्या आणि मधलं भांडण गाळलं आहे.)



मला बोलायला विषय दिलाय 'पर्यावरण आणि आपण'. बोर्डावर तसंच लिहिलंय. पर्यावरण हा शब्द मी दहावीच्या पेपरात लिहिला होता. झाडे लावा, झाडे जगवा. मार्क बरे पडले. मॅट्रिक झालो. आजा दहावीला मॅट्रिकच म्हणायचा, गोदीतले म्हातारे अजून म्हणतात. त्यानंतर गोदीत लागलो आणि तो शब्द पुन्हा तोंडात आला नाही. म्हणून मी तो बोर्ड तिथंच राहू देतो आणि राबिटावर बोलतो.

राबिट म्हणजे काय हे इथं कुणाला सांगायला नको. पाडलेल्या भिंतीचे तुकडे, फुटक्या लाद्या, सिमेंटचे गड्डे, संडासाची फुटकी भांडी, वाकड्या सळ्या. पेपरवाले त्याला राडारोडा म्हणतात. पालिका डेब्रिज म्हणते. आपण राबिट म्हणतो, कारण उचलणारे आपण.

आणि हे राबिट जिथं जातं त्या मिठी नदीवर बोलतो.

आधी एक कबुली देऊन टाकतो, नाहीतर पुढचं सगळं ढोंग होईल. मी मिठीत राबिट टाकलंय. या हातांनी. अकरा रात्री.

गोदीत मी कंत्राटी. जहाज लागलं तर पाळी मिळते, नाही लागलं तर दिवसभर गेटावर बसायचं आणि संध्याकाळी खाली हात परत. अशाच एका कोरड्या महिन्यात एका मुकादमानं विचारलं, रात्रीचं काम आहे, येणार का? रोख पैसे. मी विचारलं नाही कसलं काम. तुम्ही पण विचारलं नसतं. एक जुनी चाळ पाडली होती, तिचं राबिट होतं. रात्री एकनंतर निघायचं. नदीकाठची गल्ली अरुंद, मोठा डंपर आत जात नव्हता. म्हणून छोटा टेम्पो, आणि टेम्पो रिकामा करायला आम्ही चौघं, फावडी-घमेली घेऊन. चौघं कोण ते सांगतो. मी बौद्ध, एक मातंग, एक पारधी आणि एक उत्तरेकडचा मुसलमान. आमच्यात एक पण मालक नव्हता, एक पण बामण नव्हता, एक पण बिल्डर नव्हता. उद्या कुणी फोटो काढला असता तर फोटोत आम्हीच चौघं दिसलो असतो.

एका गोदामाच्या मागं ओतायचो. गोदामवाला स्वतः बॅटरी घेऊन उभा असायचा आणि सांगायचा, इथं नको, अजून थोडं पुढं, पाण्याकडं. पहिल्या रात्री मला वाटलं, हा चोरून टाकू देतो म्हणजे याचा मुकादमाशी दोस्ताना असणार. तिसऱ्या रात्री कळलं. ज्यानं चाळ पाडली तो राबिट न्यायचे पैसे मुकादमाला देत होता. आणि ज्याच्या गोदामामागं आम्ही ओतत होतो तोही भरणीचे पैसे मुकादमाला देत होता. एकाच घमेल्याचे दोन गिऱ्हाईक! एकाला ते नको होतं म्हणून त्यानं पैसे मोजले. दुसऱ्याला ते हवं होतं म्हणून त्यानं मोजले.

दोस्तांनो, सगळी गोम इथं आहे. म्हणून जरा थांबून बोलतो.

आपल्याला शाळेपासून शिकवलं की नदीत कचरा टाकतात ते अडाणी, घाणेरडे लोक. म्हणजे टाकणं ही एक वाईट सवय. पाटी लावली, दंड केला, शाळेच्या पोरांची फेरी काढली की सवय सुटेल. अरे, सवय कुठली घेऊन बसलात? हा धंदा आहे. त्या गोदामवाल्याला नदी घाण करायची नव्हती. त्याला जमीन करायची होती. मुंबईत जमिनीचा भाव काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्यापुढं दोन-चार टेम्पोंची भरणी म्हणजे चण्याफुटाण्याचा खर्च.

भरणी कशी चढते ते बघा. पहिल्या वर्षी नुसतं राबिट. लोक ओरडतात, वॉर्डातला माणूस येतो, बघतो, जातो. पावसाळा गेला की वर मुरूम पडतो, रोलर फिरतो. मग तिथं दोन गाड्या उभ्या राहायला लागतात. मग बांबूवर पत्रे. मग पत्र्याला भिंत. मग विजेचा मीटर. मग भाडेकरू आणि भाडेपावती. नदी चार पावलं मागं सरकते आणि कागद चार पावलं पुढं येतो. काही वर्षांनी तुम्ही विचारलंत तर तो म्हणतो, हे तर जुनं बांधकाम आहे, माझ्याकडे पावत्या आहेत. आणि खरंच असतात. नदीकडे मात्र एक पण पावती नसते.

आता या नदीचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. मिठी काय फार मोठी नाही. विहार तलाव १८६० साली झाला, मुंबईला नळाचं पाणी द्यायला इंग्रजानं बांधला. विहारचं आणि पवईचं ओसंडलेलं पाणी खाली येतं, तीच मिठी. पवई, साकीनाका, विमानतळाची भिंत, कुर्ला, कलिना, बीकेसी, धारावी आणि माहीमच्या खाडीत समुद्र. अठरा किलोमीटरच्या आत खेळ खलास. एवढीशी नदी, पण वरच्या डोंगरापासून खाडीपर्यंतचं पावसाचं पाणी वाहून न्यायचं काम तिच्यावर.

या एवढ्याशा वाटेत तिला कोण कोण अडवतं? विमानतळापाशी तिला काटकोनात वळवली आहे आणि तिच्या अंगावरून विमानांची वाट नेली आहे. खाली बीकेसी. १९७७ साली त्या जागेचं नियोजन एमएमआरडीएकडे दिलं. तिथं मिठीच्या तोंडाशी दलदल होती, खारफुटी होती, भरतीचं पाणी पसरायला आणि पावसाचं पाणी दमायला जागा होती. ती भरली आणि वर काचेच्या इमारती उभ्या केल्या. त्याला विकास म्हणतात. मधल्या पट्ट्यात गोदामं, वर्कशॉप, तेलाचे पिंप धुणारे, भंगारवाले, तबेले, त्यांच्या जागांचे मालक. हे रात्री भरतात. त्याला अतिक्रमण म्हणतात, पण तेही उच्चारताना पेपरवाल्याचं बोट भलतीकडेच असतं. ते बोट असतं झोपडीकडे.

काही शहाणे म्हणतात, अहो, अख्खी मुंबईच भरणीवर उभी आहे, सात बेटं भरूनच शहर झालं, मग तुमच्या मिठीचं एवढं काय? मी गोदीत काम करतो, मला भरणी शिकवू नका. आम्ही उभे राहतो तो धक्काच भरणीवर आहे. पण समुद्र भरला तर समुद्र दुसरीकडे सरकतो, त्याला जागा आहे. नदी भरली तर नदी कुठं सरकणार? ती काठावरच्या घरात सरकते. आणि काठावर कोण राहतं?

२६ जुलै २००५. तुमच्यातले काही तेव्हा जन्मले पण नव्हते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. वर ढग, खाली समुद्राची भरती, मधे अडवलेली मिठी. त्या पुरात महाराष्ट्रात हजारावर माणसं मेली. मी तेव्हा सहा वर्षांचा. आम्ही कुर्ल्याला नदीकाठी राहत होतो. बापानं मला आणि बहिणीला पोटमाळ्यावर टाकलं. मग आई वर आली. माझी आजी अंथरुणाला खिळलेली होती. शिडी अरुंद, पाणी छातीला. बाप खाली आजीला धरून उभा. पहाटे तो एकटा वर आला. याच्यापुढं मी काही सांगत नाही.

त्या पुरानंतर सरकार जागं झालं. ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास आणि संरक्षण प्राधिकरण काढलं. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. नदी रुंद करायची, खोल करायची ठरलं. आणि रुंदीकरण सुरू झालं कुठून? आमच्या झोपडीपासून. मार्किंग करणारे आले, दारावर लाल रंगात आकडा टाकला. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीनं मिठी तुंबवली होती म्हणे! ज्या नदीनं आजी नेली त्या नदीचे गुन्हेगार आम्हीच. आम्हाला लांबच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर नेऊन टाकलं. तिथून बापाचा रोजगार सुटला. आत्याची खोली रेषेच्या बाहेर राहिली, ती अजून तिथंच आहे. आणि आमच्या खोलीशेजारच्या गोदामाची भिंत? ती पण रेषेच्या बाहेरच राहिली. रेषा कशी वळली बघा! नदीपेक्षा रेषाच जास्त वळणं घेते.

नदी स्वच्छ करायला तेव्हापासून हजार कोटींच्या वर खर्च झाला. दर उन्हाळ्यात पोकलेन उतरतात, गाळ काढतात, डंपर भरतात. तो गाळ जातो कुठं? मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं याच गाळाबद्दल गुन्हा नोंदवला. सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याचा आरोप, १३ जणांवर. त्यात एक आरोप असा की गाळ टाकायच्या जागांचे जे करार दाखवले ते खोटे. कोर्ट काय ते ठरवील. मी एवढंच म्हणतो, नदीत काय पडतं ते कुणी लिहीत नाही, आणि नदीतून काय निघालं ते लिहिलं जातं तर त्या लिहिण्यावर पोलीस केस होते.

तरी गाळ पाण्याबरोबर थोडाफार वाहतो. प्लास्टिक तरंगतं, दिसतं, म्हणून फोटोत येतं. राबिट वाहत नाही. सिमेंटचा गड्डा जिथं पडला तिथं तळाला बसतो, त्याच्या आडोशाला गाळ साचतो, गाळावर प्लास्टिक अडकतं. तळ वर येतो, काठ आत येतो. दिसायला नदी तेवढीच, पण पोटात जागा उरत नाही. मग पूर यायला २००५ सारखा पाऊस लागत नाही, साधा जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की पुरे. १९ ऑगस्ट २०२५ ला मिठी ३.९ मीटरला पोचली आणि कुर्ल्याच्या क्रांतिनगरातली शेकडो माणसं उचलून पालिकेच्या शाळेत न्यावी लागली. माझी आत्या पण अशाच एका शाळेच्या वर्गात बाकावर बसून होती. मी तिला भेटायला गेलो. ती म्हणाली, "बाबा, पाणी आता लवकर येतंय रे. पहिलं एवढं लवकर येत नव्हतं." मी गप्प बसलो. माझ्या अकरा रात्रीच्या घमेल्यांनी ते पाणी आलं असं मी म्हणत नाही. हिशेब तसा होत नाही. पण माझी घमेली त्या हिशेबाच्या बाहेर आहेत असं पण मला म्हणता येत नाही.

तुम्ही विचाराल, मग काम सोडलंस कसं? मी काही शूर नाही. चाळीचं राबिट संपलं, म्हणून काम संपलं.

आता जरा इतिहासाकडे वळू, कारण पाण्याचा मालक कोण, हा आपल्या चळवळीला नवा प्रश्न नाही. आपली चळवळ याच प्रश्नावर उभी राहिली. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव पास झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर खुलं, काठावर बंद. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. एवढं आपण सगळे पाठ म्हणतो. त्याच्या पुढचं पाठ करत नाही. सवर्णांनी कोर्टात दावा लावला. दावा काय? की तळं सार्वजनिक नाही, खासगी आहे. म्हणजे धर्म बाजूला ठेवला आणि मालकी पुढं केली! तो खटला दहा वर्षं चालला. १९३७ साली मुंबई हायकोर्टात निकाल लागला, बाबासाहेबांच्या बाजूनं. तळं नगरपालिकेचं, म्हणजे सगळ्यांचं.

महाडला त्यांनी आपल्याला सांगितलं, पाणी आमचं आहे, शिवू नका. मिठीवर ते सांगतात, पाणी तुमचं आहे, तुम्हीच घाण केलंय. दोन्ही वेळा काठ मात्र त्यांचाच. पाणी प्यायच्या लायकीचं होतं तोवर ते खासगी होतं. नासलं तेव्हा सार्वजनिक झालं. आणि नासवून भरून काढलं की परत खासगी होतं. ही चलाखी ओळखायला पदवी लागत नाही, मॅट्रिक पुरे.

आणि कायदा? कायदे ढिगानं आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम २०: नद्या, नाले, त्यांचं पात्र, खाडीचा तळ सरकारच्या मालकीचा. म्हणजे गोदामवाल्यानं भरलं ते सरकारी पात्र. १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा, कलम २४: नदीनाल्याचा प्रवाह अडून प्रदूषण वाढेल अशी वस्तू टाकायला बंदी. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई हायकोर्टानं खारफुटी तोडायला आणि तिच्यावर भरणी टाकायला बंदी केली, भोवतीची ५० मीटर जागा राखायला सांगितली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर खारफुटीचा नाश म्हणजे घटनेच्या कलम २१ वर घाला, असं म्हटलं. कलम २१ म्हणजे जगण्याचा हक्क. बाबासाहेबांच्या घटनेतला.

आणि १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लक्षात ठेवा. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ. हिमाचलात बियास नदीच्या काठी एक हॉटेल होतं. नदी हॉटेलाकडे येते म्हणून हॉटेलवाल्यांनी नदीचाच प्रवाह वळवायचं काम काढलं. पात्र खणलं, दगडांचे बांध घातले. सरकारनं काठची जंगलाची जमीन भाडेपट्ट्यानं पण दिली. सुप्रीम कोर्टानं तो भाडेपट्टा रद्द केला आणि सांगितलं की नदी, समुद्र, जंगल यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. लोकांच्या वतीनं सांभाळायला दिलेली ठेव. विश्वस्तानं ठेव विकून खाल्ली तर त्याला काय म्हणतात ते मी इथं बोलत नाही, आयाबहिणी बसल्यात.

मग एवढे कायदे असून राबिट पडतंच कसं? कारण कायद्याचा हात टेम्पोपर्यंत पोचतो, पुढं जात नाही. गाडी पकडली तर ड्रायव्हर पकडतात. क्लिनरला दोन कानाखाली मिळतात. गाडी जप्त होते, दंड भरून सुटते. आजवर कुणी विचारलं का, ही लादी कुठल्या बिल्डिंगची? हे बेसिन कुणाच्या बाथरूमचं? या भिंतीच्या आत कोण राहत होतं आणि आता तिथं किती मजल्यांचा टॉवर उठतोय?

इथं गोदीचं एक सांगतो. गोदीत एक पोतं धक्क्यावर उतरलं तरी त्याचा हिशेब असतो. टॅली क्लार्क उभा असतो, वही घेऊन. पोत्यावर मार्का असतो. कुठल्या जहाजातून आलं, कुणाचं, कुठल्या शेडमध्ये गेलं, कुठल्या गेटपासवर बाहेर पडलं, सगळं लिहिलेलं. एक पोतं फाटलं तर विचारतात, कुणाच्या पाळीत फाटलं? आमच्या मजुरीतून कापतात. माल आहे तिथं मालक आहे, हे गोदीत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मग नदीत रोज रात्री टनावारी माल उतरतो, त्याची टॅली कुणी घ्यायची?

आपण घ्यायची. मला आज एवढंच सांगायचं आहे.

वस्तीवस्तीत एक वही ठेवा. शंभर पानी, साधी. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कुठल्या काठाला, कुणाच्या जागेमागं. सकाळी जाऊन राबिट बघा: लादीचा रंग, विटेची जात, एखाद्या फ्लॅटच्या दाराची पाटी पण मिळते. त्या आठवड्यात आसपास कुठली इमारत पडली ते बघा. २०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या नियमांनी राबिटाची जबाबदारी ज्याच्या कामातून ते निघालं त्याच्यावर टाकली. दिवसाला २० टन किंवा एका कामातून महिन्याला ३०० टनांवर राबिट काढणाऱ्यानं ते कुठं जाणार याचा आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा, असं त्यात होतं. मग ते नियम २०२५ मध्ये नव्यानं लिहिले, १ एप्रिल २०२६ पासून लागू करायचे म्हणून. मुंबईचं राबिट घ्यायला पालिकेनं दहिसर आणि शिळफाट्याजवळ डायघर इथं केंद्रं केली. तिथं वजन होतं, पावती मिळते. मग २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा घ्या, दहा रुपये भरा आणि वॉर्ड ऑफिसला विचारा: या पाडकामाचा आराखडा दाखवा, या राबिटाच्या वजनाच्या पावत्या दाखवा. पावती नसेल तर माल कुठं गेला? आपल्या वहीत आहे कुठं गेला.

एकट्यानं रात्री गाडी अडवायला जाऊ नका. या धंद्यात पैसा आहे, आणि पैसा जिथं आहे तिथं लोखंडी सळी पण असते. चार जण राहा, गल्लीतल्या बाया बरोबर घ्या, त्यांना गाडी कधी येते ते आपल्याआधी कळतं. ड्रायव्हरला हात लावू नका. त्याला विचारा, कुणाचा माल आणि किती पैसे? तो आपलाच कुणीतरी असतो. परवा मीच होतो.

आता कुणीतरी मागून म्हणेल, आपले लोक पण टाकतातच की नदीत. टाकतात. आत्या पण पिशवी टाकते. मी ते लपवत नाही. कचऱ्याची गाडी तिच्या गल्लीत येत नाही, संडासाची लाईन अर्ध्यावर तुटलेली आहे. गाडी आली पाहिजे, लाईन झाली पाहिजे, त्यासाठी लढू, आणि गाडी आल्यावर पण जो पिशवी टाकेल त्याला आपणच बोलू. पण पिशवी आणि डंपर एका काट्यावर तोलू नका. आत्याच्या पिशवीनं आत्याची जागा एक इंच वाढली नाही. डंपरनं ज्याची जागा वाढली त्याला पहिला विचारा.

आणि मजूर पोरांचं काय? ती पोरं म्हणतील, तू बैठकीत भाषण ठोकतोस, आमची रात्र जाते. बरोबर आहे. म्हणून मागणी अशी करायची की राबिट डायघरला जाऊ दे, दहिसरला जाऊ दे, दिवसा जाऊ दे, आणि उचलणाऱ्याला दिवसाची पुरी मजुरी, हातमोजे, बूट मिळू दे. लांबची फेरी म्हणजे मालकाला खर्च, आपल्याला काम. चोरीच्या रात्रीपेक्षा हक्काचा दिवस बरा. हे काम बंद करा असं मी म्हणत नाही. ते ज्याच्या घरून निघालं त्याच्या खर्चानं, उजेडात करा असं म्हणतो.

आणि पुढच्या वेळी जेव्हा लाल रंगाचा डबा घेऊन ते आपल्या दारावर आकडा टाकायला येतील, तेव्हा वही पुढं करायची. म्हणायचं, आधी ही भरणी मोजा. गोदामामागची मोजा, वर्कशॉपखालची मोजा, टॉवरच्या भिंतीबाहेरची मोजा. जुना नकाशा काढा आणि पात्र कुठपर्यंत होतं ते दाखवा. ती सगळी भरणी उचलून झाली आणि तरी पण नदीला जागा कमी पडली, तर मग आमच्या दहा बाय दहावर या. तेव्हा पण आधी घर, मग हातोडा.

मी कविता करतो म्हणून मला इथं बोलावलंय. मिठीवर मी एक कविता केली होती. तिच्यात नदीला आई म्हटलं होतं, तिच्या अंगाच्या वासावर बरंच काही लिहिलं होतं. एका अंकात छापून पण आली. अकरा रात्रींनंतर ती मी वाचली आणि मला माझी लाज वाटली. नदीच्या वासावर दोन पानं, आणि वास कुणी घातला त्याच्यावर एक ओळ नाही! ती कविता मी आता कुठंच म्हणत नाही. तिच्या जागी मी एक वही आणली आहे. पहिल्या पानावर माझ्या अकरा रात्री लिहिल्या आहेत. तारखा आठवल्या तेवढ्या, टेम्पोचा नंबर, गोदामाची जागा, चाळ कुठं होती ती, आणि मजूर म्हणून माझं नाव. मालकाच्या नावाची जागा कोरी आहे. ती भरायला मला तुमच्यातले चार जण पाहिजेत.

वही इथं टेबलावर ठेवतो. पेन बरोबर आहे.

जय भीम.